दणका सोसणारी भिंगं

आईची खाट दिवाणखान्यात मधोमध टाकली होती, त्यामुळे घरात कोण कोणाशी कसं बोलतंय ते तिला पडल्यापडल्या सगळं दिसायचं. खुब्याचं ऑपरेशन झालेलं. खाली कारखाना, वर घर. खुर्चीत बसवून चौघांनी तिला जिना चढवून आणलं होतं आणि डॉक्टरांनी बजावलं होतं, आता खाली उतरायचं नाव काढू नका. आज रविवार, यंत्रं बंद. फरशीतून येणारी ती घरघर थांबली की आईला एरवी चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. पण आज तिन्ही मुलं एका छपराखाली होती.

धाकटी परदेशातून आली होती, नवऱ्याला तिकडेच ठेवून. मधला कारखाना चालवत इथेच राहायचा, आणि त्याची बायको कारखान्याचं ऑफिस बघायची. थोरली शहराच्या दुसऱ्या टोकाला सरकारी क्वार्टरमध्ये एकटी.

नवल होतं ते थोरलीशी सगळे वागत होते त्याचं. ती दारात दिसताच मधल्याने नेहमीसारखं "सरकार आले" म्हटलं, पण त्यात आज कुचकेपणा नव्हता. सुनेने उठून आपली खुर्ची तिला दिली. धाकटीने तर गळ्यातच हात टाकले.

दोन महिन्यांपूर्वी याच घरात थोरलीला कुणी चहासुद्धा धड विचारला नव्हता. खालच्या कारखान्यात जर्मेनियमची भिंगं बनत. करड्या, चकचकीत चकत्या. डोळ्याला लावल्या तर काही म्हणजे काही दिसत नाही, पण अंगाची ऊब मात्र त्यांतून आरपार जाते. कॅमेऱ्यात बसवली की काळोखात माणूस दिवसासारखा दिसतो. अग्निशामक दलाला तीच लागतात, दवाखान्यांना तीच आणि सैन्यालाही तीच. म्हणून ती देशाबाहेर पाठवायची तर निर्यात परवाना खात्याची मंजुरी लागते, आणि थोरली त्या खात्यात अधिकारी. मधल्याचा अर्ज आला त्याच दिवशी तिने लिहून दिलं, हा माझा सख्खा भाऊ, ही फाइल माझ्याकडे नको. फाइल शेजारच्या टेबलावर गेली आणि तिथून नकार आला. त्या नकारात थोरलीचा हात नाही, यावर घरात कुणाचा विश्वास बसला नाही. आणि सख्ख्या भावासाठी तिने काही केलं नाही, हा राग होताच.

आणि आता हे असं. आईने मनात म्हटलं, जाऊ दे, माझ्या हाडाच्या निमित्ताने का होईना, पोरं सांधली.

"अहो," ती अण्णांना म्हणाली, "बघताय ना?"

खिडकीपाशी बसलेल्या अण्णांनी मान हलवली. कारखाना त्यांनीच उभा केला होता, पण मधल्याच्या हाती दिल्यापासून ते बहुतेक वेळ खिडकीतच असत. गेले काही आठवडे मात्र त्यांच्या नखांत पुन्हा काळं वंगण दिसू लागलं होतं. आईला ते बरं वाटलं होतं. तिने विचारलं नव्हतं.

*

जेवणं झाल्यावर दोघी बहिणी स्वयंपाकघरात भांडी आवरत होत्या. धाकटी धूत होती, थोरली पुसत होती. लहानपणीही असंच ठरलेलं, कारण थोरलीला ओल्या हातांची चीड.

"तू तिकडे एकटीच जेवतेस रोज?" धाकटीने विचारलं.

"नाही गं. रेडिओ असतो सोबतीला. बातम्या देणाऱ्याला मी उलट उत्तरंही देते."

धाकटी खळखळून हसली. मग तिला भरून आलं. ही बहीण तिला परीक्षेला सोडायला यायची आणि पेपर सुटेपर्यंत बाहेर उभी राहायची. धाकटीने नळ बंद केला, दाराकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"ताई, कुणाजवळ बोलायचं नाही असं दादाने बजावलंय, पण मला राहवत नाही. थँक्यू."

"कशाबद्दल?"

"आता माझ्यापासून कशाला लपवतेस? परवान्याचं. तू कुणाला तरी सांगून काम करून दिलंस म्हणे. दादा तर फोनवर रडायचाच बाकी होता. म्हणून तर हे आले नाहीत माझ्याबरोबर. बुधवारी माल इथून निघणार, आमच्या गोदामात उतरवून घ्यायचा आणि यांच्या कंपनीने तो पुढे पाठवायचा. एवढंच तर काम."

थोरलीच्या हातातलं ताट पुसून केव्हाच कोरडं झालं होतं, तरी ती पुसत राहिली. सकाळपासूनची ती खुर्ची, ते गळ्यात पडणं, वहिनीने आग्रहाने वाढलेलं जेवण. तिला वाटलं होतं, आईच्या आजारपणाने सगळे निवळले. जेवताना तिने ठरवलंही होतं, आता दर रविवारी यायचं.

"पुढे म्हणजे कुठे पाठवायचा?" तिने विचारलं.

"ते दादालाच ठाऊक. का गं? ताई, तुझा चेहरा असा काय झाला?"

"बाळ्या कुठे आहे?" मधल्याला ती अजून लहानपणीच्या नावानेच हाक मारायची.

"खाली. खोकी बांधतोय." धाकटीचा हात आपोआप ओठांवर गेला. "ताई... तूच दिलंयस ना मिळवून?"

थोरलीने ताट जागेवर ठेवलं आणि ती जिना उतरली.

*

मधल्याने पावलांवरून ओळखलं की बायको नाही, ताई आहे. हातातलं काम त्याने थांबवलं नाही. फोमच्या खळग्यात एकेक भिंग बसवून तो झाकण लावत होता. रविवारी, एकट्याने, कामगारांपैकी कुणालाही त्याने बोलावलं नव्हतं.

"धाकटीच्या पोटात काही राहत नाही," तो म्हणाला.

"ती आभार मानत होती माझे."

आता तो थांबला. पण मान वर केली नाही.

"माझं नाव का घेतलंस, बाळ्या?"

"दुसरं कुणाचं घेतलं असतं तर त्यांनी विश्वास ठेवला असता? बायको म्हणाली, परवाना दाखव. मी म्हटलं, ताईने केलंय, कागद मागून येतील. तुझं नाव काढल्यावर पुढे एक प्रश्न नाही विचारला तिने. बघ, एवढी तुझी पत आहे या घरात."

थोरलीने शेडभर नजर फिरवली. मग तिचं लक्ष कोपऱ्यातल्या चौकटीकडे गेलं. जाड लोखंडी बैठक, त्यावर स्प्रिंगने मागे ओढलेला हातोडा, समोर भिंग बसवायची खाच. तिने खिट्टी दाबली. धाडकन आवाज झाला नि शेजारची खोकी थरथरली.

"हे काय आहे?"

"टेस्टिंगचं. गिऱ्हाइकाची अट आहे, भिंगं दणका सोसणारी हवीत."

"तुझ्या अर्जात गिऱ्हाईक वणवे शोधायचे कॅमेरे बनवतं, असं होतं. एवढंच मी वाचलं, पहिलं पान, आणि फाइल सोडली. जंगलातला कॅमेरा मनोऱ्यावर बसतो. त्याला असा दणका कोण देतो? वानरं?"

त्याला हसू आलं नाही.

"एकामागून एक, त्याच जागी, त्याच जोराने," ती म्हणाली. "हा गोळी सुटताना बंदुकीला बसणारा दणका आहे. तुला हे कळत नाही, असं मला सांगू नकोस. आपण दोघं याच फरशीवर वाढलोय."

"कळतं!" तो एकदम ओरडला. "सगळं कळतं. पण कॅमेरेवाल्यांनी स्वस्त भिंगं बाहेरून आणायला सुरुवात केली तेव्हा तुझं सरकार कुठे होतं? खालचं अर्धं शेड झाकून ठेवलंय मी. ज्यांनी मला हातात पहिल्यांदा भिंग धरायला शिकवलं त्यांना घरी बसा म्हणून सांगितलंय, एकेकाच्या दारात जाऊन. तू यातल्या कुणाच्या दारात गेली होतीस? आणि आपण नाही दिली तर दुसरा कुणी देणारच आहे."

"देईल. तो त्याचा प्रश्न."

"वा!"

"अंधारात ज्याला आधी दिसतं तो वाचतो, बाळ्या. दुसरा मरतो. उद्या सीमेवर आपलं पोरगं पहाऱ्याला उभं असेल आणि समोरून कुणीतरी तुझ्या भिंगातून त्याच्याकडे बघत असेल. माल कुणाच्या हातात जाणार हे तुला माहीत असतं, तर तू धाकटीच्या नवऱ्याला मध्ये घातलं नसतंस. माहीत नाही, आणि माहीत करून घ्यायचंही नाही, म्हणून घातलंस."

मधला पालथ्या खोक्यावर बसला. लहानपणी मार खाल्ल्यावर बसायचा तसाच, गुडघे जवळ घेऊन. तिला पुढे होऊन त्याच्या डोक्यावर हात ठेवावासा वाटला. हात वर उचललाही, पण त्याने पाहिलं आणि अंग आखडून घेतलं.

"काय करणार आहेस?" त्याने विचारलं.

"उद्या ऑफिस उघडलं की मी वरिष्ठांना सांगणार. त्याआधी तू जाऊन स्वतःहून सांगितलंस, तर ते तुझं सांगणं ठरेल. माल अजून हललेला नाही. फार तर दंड होईल, काही काळ निर्यात बंद होईल. माल एकदा निघाला की मग खटला. तुझ्यावर, धाकटीच्या नवऱ्यावर आणि कारखान्यातर्फे वहिनी सह्या करते, म्हणजे तिच्यावरही."

"आणि तू ऐकलंच नाहीस, असं झालं तर?"

"ऐकलंय ना पण."

*

वर येईपर्यंत धाकटीने सगळ्यांना सांगून टाकलं होतं. अण्णा खिडकीतच होते, पण दोघी आईच्या खाटेभोवती उभ्या होत्या, जणू पेशंटला आत्ताच काहीतरी झालं होतं.

मधला आत येताच त्याच्या बायकोने विचारलं, "परवाना नाहीये?"

त्याने नकारार्थी मान हलवली.

"माझ्या सहीने माल जातोय. माझ्या! आणि तू मला कागद मागून येतील म्हणालास?" तिचा आवाज चढला नाही, उलट बसला. "इतकी वर्षं शेजारच्या टेबलावर बसते मी तुझ्या."

"आणि माझा नवरा?" धाकटी म्हणाली. "त्यांना पकडलं असतं ना तिकडे! दादा, तू आम्हांला समजतोस तरी काय?"

थोड्या वेळापुरता मधला एकटा पडला. थोरली दाराशी उभी होती. तिला वाटलं, आता दोघी आपल्याबरोबर आहेत. तिने जे खाली सांगितलं तेच इथे सांगितलं, उद्या सकाळपर्यंतची मुदत.

"म्हणजे तुम्ही तक्रार करणार?" वहिनीने तिच्याकडे वळून विचारलं. "ताई, माल आम्ही थांबवतो. आत्ता, तुमच्यासमोर खोकी उघडते मी. संपला विषय. कुणाला कशाला सांगायचं?"

"गिऱ्हाईक तसंच राहील ना. उद्या ते दुसऱ्या कारखान्याचं दार वाजवेल. खात्याला हे कळायला हवं. आणि मला कळलेलं मी लपवलं, तर मी त्या खुर्चीवर बसायच्या लायकीची नाही."

"खुर्ची!" धाकटी रडत म्हणाली. "तुला विश्वासाने सांगितलं मी. बहीण म्हणून. आता यांना काय तोंड दाखवू? माझ्या तोंडून काढून घेतलंस तू."

"तू आभार मानलेस, मी काही—"

"तेच ना! आभार मानायला गेले मी!"

आई उशीवर कोपर टेकून उठायला बघत होती. कमरेतून कळ आली तशी ती परत आडवी झाली. "पोरी," ती म्हणाली, "आजवर मी तुझ्याकडे काही मागितलं नाही. एवढं एक ऐकलंच नाहीस, असं समज. माझ्यासाठी."

 थोरलीने खिडकीकडे पाहिलं. सगळं घर एका बाजूला गेलं तरी एक माणूस आपल्या बाजूचा आहे, याची तिला खात्री होती. अण्णांनी तिच्या लहानपणी सैन्याच्या दुर्बिणीसाठी भिंगं घासली होती. सदोष भिंग कुणाचा तरी जीव घेतं, असं म्हणत अख्खा ट्रे फोडून टाकताना तिने त्यांना पाहिलं होतं.

"अण्णा, तुम्ही सांगा याला. खाली तो हातोडा बघितलात का तुम्ही?"

अण्णा तळहाताकडे बघत म्हणाले, "मीच केलाय तो."



"बाळ्याने आकडे आणून दिले. एवढा जोर, एवढ्या वेळा. त्याला जमत नव्हतं, मला म्हणाला, अण्णा, तुम्हीच बघा. स्प्रिंग तीनदा बदलली मी. झोप लागत नव्हती इतका आनंद झाला होता मला, बाई. इतक्या वर्षांनी कुणीतरी काम सांगितलं."

"कशासाठी आहे ते कळलं नाही तुम्हांला?"

"आकडे वाचून पहिल्या दिवशीच कळलं."

त्यांनी हात मांडीवर पालथे ठेवले. माफी मागावी असं त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. नुसता थकवा होता आणि काम संपल्याचं वाईट वाटत होतं.  थोरलीने पर्स घेतली, आईच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं आणि ती जिना उतरली. खाली सोडायला कुणी आलं नाही.

*

सोमवारी ती ऑफिसात सगळ्यांच्या आधी पोचली. संचालक आले तसे त्यांच्या शिपायाने तिला विचारलं, "मॅडम, आत जाताय?"

"जरा थांबते," ती म्हणाली.

दारासमोरच्या बाकावर ती बसून राहिली. आधी आपण आत गेलो तर बाळ्याचं सांगणं स्वतःहून सांगणं राहणार नाही. बोलायची वाक्यं तिने मनात जुळवून ठेवली होती, पण "माझा भाऊ" या शब्दांपाशी दर वेळी गाडी अडत होती. शिपायाने पुन्हा डोकावून पाहिलं. तिने पुन्हा हाताने थांब म्हटलं. सहकारी येऊ लागले, दिवे लागले, कुणीतरी रविवार कसा गेला विचारलं. आता आणखी बसता येणार नव्हतं. ती उठून उभी राहिली, आणि तेवढ्यात लिफ्टचं दार उघडलं.

मधला आणि त्याची बायको. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता, डोळे सुजलेले. वहिनीने एकदा थोरलीकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली. मधला सरळ तिच्यापुढे येऊन उभा राहिला.

"मॅडम," तो म्हणाला, "संचालक आत आहेत का? भेटायचं होतं."

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. अनोळखी ऑफिसात माणूस अनोळखी बाईला विचारतो तसं त्याने विचारलं होतं.

"आहेत," थोरली म्हणाली. "तुम्ही जा आत."

ते आत गेले. दार लागलं. तिने पुन्हा बाकावर बसून वाट पाहिली आणि ते बाहेर पडून निघून गेल्यावर आत जाऊन आपण काय ऐकलं, कुठे ऐकलं, ते सांगितलं. संचालकांनी शांतपणे लिहून घेतलं. "तुमच्यासाठी सोपं नसेल," ते म्हणाले. ती "हो" म्हणाली. तेवढंच.

पुढचं सगळं तिला इतरांकडून कळत गेलं, कारण त्या फाइलला हात लावायची तिला मुभा नव्हती. भिंगं जप्त झाली. धाकटीच्या नवऱ्याची तिकडे चौकशी झाली, पण माल पोचलाच नव्हता म्हणून तो सुटला. वणव्याचे कॅमेरे बनवणाऱ्या कंपनीचा पत्ता शोधत लोक गेले, तर तिथे एक कुलूपबंद खोली आणि दारावर पाटी. त्याच गिऱ्हाइकाने आणखी कुठे कुठे हातपाय पसरले होते ते त्यावरून उघड झालं आणि त्याला दोन ठिकाणी अडवलं गेलं. मधल्याला दंड झाला, निर्यात बंद झाली. त्याने दोन यंत्रं विकली आणि ताप मोजायच्या कॅमेऱ्यांची देशातली छोटी छोटी कामं धरली. कारखाना चालू राहिला. त्या कुलूपबंद खोलीचं घरी कळलं असणारच. पण ताई, तुझं बरोबर होतं, असं कुणी म्हटलं नाही, आणि ती तशी वाटही बघत नव्हती. ती वाट बघत होती ते नुसत्या फोनची. तिने केलेले फोन वहिनी उचलायची, आई झोपलीय म्हणायची. तिची भाषा फार सभ्य झाली होती.

आई काठी घेऊन चालायला लागली, हे थोरलीला शेजारच्या डॉक्टरीणबाईंकडून समजलं.

त्यानंतर एका संध्याकाळी, ती ताट वाढून घेत असताना, फोन वाजला.

"मी बोलतेय," आई हळू आवाजात म्हणाली. "पाय बरा आहे माझा. तू जेवलीस?"

"बसतेच आहे. आई, तू—"

पलीकडे दार वाजलं. मधल्याचा आवाज आला, "कोणाचा फोन आहे गं?"

"कुणी नाही," आई म्हणाली. "राँग नंबर."

थोरलीने डोळे मिटले आणि फोन बंद व्हायची वाट पाहिली. तो बंद झाला नाही. काहीतरी मऊ घासल्याचा आवाज आला. आईने फोन उशीवर उपडा ठेवला असावा. मग लांबून भांड्यांचा आवाज. अण्णांचं खोकणं. वहिनी कुणावर तरी हसली. आणि त्या सगळ्याखाली, फरशीतून वर येणारी यंत्रांची घरघर.

थोरलीने फोनचा स्पीकर लावला, तो ताटाजवळ ठेवला आणि ती जेवायला बसली.